एंजल माशांच्या टाकीत गप्पी माशाची मादी व्यायली, काल सकाळी तीसेक पिल्लं होती आता चारच उरलीत, काय करू?

जुळेसोलापूर_मासे:
नमस्कार मंडळी, माझ्याकडं दोन फुटी टाकी आहे, त्यात दोन एंजल, एक गोरामी आणि सहा गप्पी. काल सकाळी उठून लाईट लावली तर एक गप्पी मादी व्यालेली, पाण्याच्या वरच्या थरात बारीक बारीक पिल्लं लटकल्यासारखी, नुसते दोन डोळे आणि पोटाचा ठिपका दिसत होता, मोजली तर तीसच्या आसपास होती. पोरगी लई खूश झाली, सगळ्या वर्गात सांगून आली. संध्याकाळी ऑफिसवरून आलो तर एंजल हायड्रिलाच्या (पाण्यातलं झाड) झुपक्यासमोर तोंड लावून उभी, आणि पिल्लं चार. ती चार चहाच्या गाळणीनं काढून स्टीलच्या पातेल्यात ठेवलीत. आता दुसऱ्या मादीचं पोट पण खाली चौकोनी झालंय आणि मागचा डाग काळा पडलाय. मागच्या वेळी दुकानदारानं दिलेल्या प्लास्टिकच्या ब्रीडिंग बॉक्समध्ये (व्यायच्या मादीला वेगळं ठेवायची छोटी पेटी) मादी आठ दिवस ठेवली होती तर ती त्यातच मेली. या वेळी एक पण पिल्लू जाऊ द्यायचं नाही, नीट सांगा कोणीतरी.

सातरस्ता_अ‍ॅक्वा:
दादा, पहिलं म्हणजे ती चार पातेल्यातून काढा, पातेल्यात पाणी कमी असतं, एका दिवसात खराब होतं. पंधरा-वीस लिटरचा प्लास्टिकचा टब घ्या (साबण लावून धुतलेला नको), त्यात तुमच्याच टाकीतलं पाणी भरा म्हणजे पिल्लांना पाणी बदलल्याचा धक्का बसत नाही. खडी नको, तळ मोकळा ठेवा, उरलेलं खाणं दिसतं आणि पाईपनं ओढून काढता येतं. एक स्पंज फिल्टर (हवेच्या नळीवर चालणारा, स्पंजातून पाणी गाळणारा) टाका, हवा एकदम हळू, बुडबुडे मोजता येतील एवढीच. नवा स्पंज असंल तर आजच मोठ्या टाकीत टाकून ठेवा, दोन-तीन आठवड्यांत त्यात पाणी साफ ठेवणारे बॅक्टेरिया बसतात, तोवर टबातलं पाणी रोज थोडं बदलावं लागंल. मोटरवाला पॉवर फिल्टर पिल्लांच्या टबात अजिबात नको, पिल्लं ओढून घेतो, मोठ्या टाकीत असंल तर त्याच्या तोंडाला पण नायलॉनचा जुना मोजा बांधा.

बॉक्सचं म्हणाल तर बॉक्स वाईट नाही पण तो काही तासांचा असतो, आठ दिवसांचा नाही. बारक्या जागेत मादी सारखी काचेवर आपटते, खात नाही, त्या ताणातच जाते. मी पाच वर्षं झालं गप्पी करलालोय, माझी पद्धत अशी की मादी एका कोपऱ्यात जाऊन थांबायला लागली, खाणं सोडलं, की तिला त्याच टबात सोडायची, आत हायड्रिला गच्च भरायचा. व्याली की लगेच मादी परत. आई पण खाते बरं का स्वतःची पिल्लं, एकटी एंजलच दोषी नाही.

पूर्वभाग_टँक:
मी वेगळं सांगतो. माझ्या टाकीत जावा मॉस (पाण्यातलं शेवाळासारखं झाड) आणि हायड्रिलाचं जंगल आहे, वेगळं काही करत नाही, दरवेळी सात-आठ पिल्लं आपोआप जगतात. एवढा खटाटोप कशाला?

सातरस्ता_अ‍ॅक्वा:
तुमच्याकडं नुसत्या गप्पी असतील म्हणून चालतंय. एंजल झाडात घुसून वेचून खाते, जे तोंडात मावतं ते सगळं तिचं खाणं. एंजल पूर्ण वाढली तर मोठा गप्पी नर पण सोडत नाही, आणि गोरामी पण पिल्लं खातो. खरं सांगायचं तर दादा, ही जोडीच चुकलीय, गप्पींची टाकी आज ना उद्या वेगळी करावीच लागणार तुम्हाला.

पूर्वभाग_टँक:
हो, माझ्याकडं गप्पीच आहेत फक्त. एंजल असतील तर तुमचं बरोबर.

विजापूररोड_ताई:
खाण्याचं मी सांगते, कारण माझी पहिली तीन वेळची पिल्लं उकडलेल्या अंड्याच्या बलकानं मेली. बलक टाकला की दोन तासांत पाणी पांढरं होतं आणि वास मारतो. आता मी आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले एकदम बारीक किडे, पिल्लांचं जिवंत खाणं) काढते. एक लिटरच्या बाटलीत जाडं मीठ साधारण पंचवीस ग्रॅम, चिमूटभर आर्टेमियाची अंडी, आणि हवेची नळी तळापर्यंत. आपल्या सोलापूरच्या उबेत चोवीस तासांत फुटतात. मग हवा बंद करून दहा मिनिटं थांबायचं, टरफलं वर तरंगतात आणि नारिंगी जिवंत किडे तळाला बसतात, तेवढेच नळीनं काढून पातळ कापडात गाळायचे, गोड्या पाण्यानं धुवून द्यायचे. पाच मिनिटांत पिल्लांची पोटं नारिंगी दिसायला लागतात, ते एकदा तुमच्या पोरीला दाखवाच. रोज नाही जमलं तर पिल्लांचं बारीक पावडर खाणं दिवसातून तीन-चार वेळा, बोटावर चिकटेल एवढंच.

आणि महिन्याभरात नर-मादी ओळखू यायला लागतात तेव्हा वेगळे करा, मादी एकदा नराजवळ राहिली की पुढं कित्येक महिने नर नसताना पण दर महिन्याला व्यायते.

अशोकचौक_काका:
पाण्याबद्दल कोणीच बोललं नाही. आपल्याकडं नळ चार-पाच दिवसांनी येतो, आणि आला की क्लोरीनचा वास मारतो, ते पाणी तसंच पिल्लांवर ओतलं तर सगळी साफ. पिंपात भरून एक-दोन दिवस राहू द्या, तोंडाला झाकण नको, जुनी ओढणी ताणून बांधा, क्लोरीन निघून जातो आणि डासांना अंडी घालता येत नाहीत. घाई असंल तर अँटीक्लोरीनचे थेंब. एका वेळी चौथा हिस्साच पाणी बदला.

उन्हाचं पण बघा. एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस होतं, पत्र्याच्या खोलीत टबातलं पाणी पण तापतं, तापलेल्या पाण्यात हवा कमी मावते आणि पिल्लं वर येऊन तोंड उघडतात. मी मेडिकलमधून रिकामा थर्माकोलचा खोका आणतो, त्यातच पिल्लं वाढवतो, दुपारी बर्फाची बंद बाटली तरंगत ठेवतो. सुटा बर्फ टाकू नका, पाणी एकदम गार होतं.

पिल्लं जास्त झाली तर कंबर तलावात नेऊन सोडू नका, ओळखीच्यांना वाटा. बाहेरचा मासा तिथल्या माशांचं खाणं खातो.

जुळेसोलापूर_मासे:
काका, ताई, दादा, सगळ्यांचे आभार. काल रात्रीच थर्माकोलचा खोका आणला, चारही पिल्लं त्यात आहेत, स्पंज मोठ्या टाकीत टाकलाय. मादी आज दुपारपासून हीटरच्या मागं थांबलीय, खायला टाकलं तर आली नाही. आत्ता टबात सोडू की रात्रभर थांबू?

सातरस्ता_अ‍ॅक्वा:
आत्ताच सोडा. लाईट बंद करा, टबावर कापड टाका आणि सकाळी उजाडायला बघा.