पर्वरी श्रीमंत, कुर्टी मध्यमवर्गीय: हे ठरवायचं कशावरून?

चष्मेवाला
गोव्यात चष्म्याचं दुकान काढायचंय, पर्वरीत की फोंड्याला लागून कुर्टीत, एवढंच ठरत नाही. जो तो म्हणतो, महाग फ्रेमी पर्वरीतच खपतील. गावनिहाय उत्पन्नाचे आकडे कुठे मिळतात?

अंत्रुजकर
मिळत नाहीत. जनगणनेत उत्पन्न विचारतच नाहीत. गोव्याचं दरडोई उत्पन्न मोठं दिसतं खरं, पण त्यात औषध कारखान्यांचा नफाही येतो. कुर्टीतल्या घरात पगार किती येतो ते त्यावरून कळणार नाही.

२०११ च्या जनगणनेतल्या घरयादीचे, म्हणजे घरं आणि घरातल्या वस्तूंच्या नोंदीचे, तक्ते काढा. पर्वरी एका नावाखाली नाही, सुकूर आणि पेन्ह द फ्रान्स वेगवेगळी बघा. कारभार पंचायतीचा असला तरी ही दोन्ही, तशी कुर्टीही, जनगणनेत शहरं आहेत. दुचाकीचा रकाना सोडा, ती घरोघरी असते. चारचाकी, इंटरनेटसह संगणक आणि खोल्यांची संख्या एकत्र वाचा. ‘स्वतःचं घर’ वाचून भुलू नका: तिथे भाटकाराचा (जमीनदाराचा) वाडा आणि मुंडकाराचं (त्याच्या जमिनीवर राहणाऱ्याचं) घर एकाच रकान्यात येऊ शकतं, आणि फ्लॅट भाड्याने घेतलेला बडा अधिकारी मात्र भाडेकरूंत.

पलतडी
पण ते आकडे जुने. नंतर पर्वरीत इमारती उठल्या, त्यांतले कितीतरी फ्लॅट दिल्ली-मुंबईवाल्यांचे, कुलूपबंद. फ्लॅटची किंमत कोटीत, गिऱ्हाईक शून्य. सचिवालय आणि विधानसभेमुळे आलेला रुबाब वेगळा, तो गल्ल्यात पडत नाही.

जुलैत, मधल्या वारी, रात्री साडेआठला जागेपासून दहा मिनिटांच्या चालीत येणाऱ्या इमारतींतले दिवे मोजा. शंभर फ्लॅटांत चाळीस उजळलेले दिसले तर धंदा चाळिसांवरच मांडा. डिसेंबरात मोजाल तर फसाल, सुट्टीला आलेल्यांचे दिवेही मोजले जातील. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात तर उलटंच, खरे राहणारे मूळ घरी गेलेले असतात.

अंत्रुजकर
चवथीचं अगदी बरोबर. आणि नाव एक म्हणून वर्ग एक धरू नका. झुआरीनगर म्हटलं की बिट्स या इंजिनिअरिंग संस्थेचा कॅम्पसही आला आणि मजुरांची वस्तीही. वाड्यावाड्याने बघा.

चष्मेवाला
म्हणजे कुर्टीत स्वस्त मालच ठेवायचा, हे खरं नाही?

पलतडी
चष्म्याला उत्पन्नाआधी वय बघा. चाळिशी श्रीमंत-गरीब ओळखत नाही. मतदार यादीत प्रत्येकाचं वय असतं. जवळच्या भागांच्या याद्या घेऊन ४० च्या पुढची नावं मोजा. मात्र पर्वरीची यादी दिव्यांशी ताडून बघा, नाव इथे आणि माणूस आखातात असंही असतं.