सिल्वासातला प्लॉट, ठाण्यातला साठेकरार: दावा कुठे लावायचा?

गुंठेवारी: प्लॉट सिल्वासात (दादरा-नगर हवेली). साठेकरार, म्हणजे पुढे विकण्याचा करार, ठाण्यात झाला, इसारही ठाण्यातच दिला. विकणारा वापीला (गुजरात) राहतो. ‘वाद झाल्यास फक्त ठाणे न्यायालय’ असं करारात लिहिलंय. आता तो खरेदीखत करून देत नाही. खरेदीखत आणि ताब्याचा दावा ठाण्यात चालेल का? पुढे हायकोर्ट कुठलं, गुजरात की मुंबई?

खालचं_कोर्ट: ठाण्यात नाही. ताबा मागितला की दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १६ लागतं: जमीन जिथे, दावा तिथे. ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही, त्याला पक्षकार आपसांत ठरवून तो देऊ शकत नाहीत. हर्षद चिमणलाल मोदी विरुद्ध डीएलएफ हा २००५ चा निकाल काढून वाचा. प्लॉट गुडगावचा, दावा १९८८ मध्ये दिल्लीत लावलेला, करारात दिल्लीचंच नाव. प्रतिवादीने आधी दिल्लीचा अधिकार मान्यही केला होता. तरी सर्वोच्च न्यायालयाने वादपत्र (दाव्याचा लेखी अर्ज) योग्य कोर्टात लावण्यासाठी परत करण्याचा आदेश कायम ठेवला.

नुसता इसार परत हवा असेल तर त्याच संहितेचं कलम २०. करार आणि पैसे ठाण्यातले, म्हणून तिथे ठाणे चालतं आणि करारातली ती अटही लागू पडते.

अपिलीय_शाखा: मुंबई हायकोर्ट, मुख्य पीठ. दादरा-नगर हवेली १९६१ च्या कायद्यापासून मुंबईच्याच अधिकारक्षेत्रात आहे; २०२० मध्ये दमण-दीवशी विलीनीकरण झालं तरी त्यात फरक पडला नाही. पणजी खंडपीठाचा इथे संबंध नाही.

गुंठेवारी: ताबा न मागता फक्त खरेदीखत मागितलं तर?

खालचं_कोर्ट: हा डाव खेळतात लोक. पण पुढे ताब्यासाठी दुरुस्ती अर्ज दिलात की अधिकारक्षेत्राचा मुद्दा पुन्हा उभा राहतो. सरळ सिल्वासात लावा. आणि पर्यायी मागणी म्हणून इसार परत मिळावा हे वादपत्रात स्पष्ट लिहा. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट) कलम २२ प्रमाणे, न मागितलेला इसार कोर्ट देत नाही.

मुदतीत_या: ठाण्यात आधीच लावला असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम १० खाली वादपत्र परत मिळतं, दावा फेटाळला जात नाही. परतीचा आदेश होण्याआधी नियम १०-अ चा अर्ज देऊन सिल्वासातली हजेरीची तारीख ठरवून घ्या, म्हणजे नव्याने समन्स बजावण्यात महिने जात नाहीत. सुनावणी मात्र पहिल्यापासून होते.

खरेदीखताचा दावा लावायची मुदत तीन वर्षं: करारात पूर्ततेची तारीख असेल तर तिथून, नसेल तर नकार कळल्यापासून. चुकीच्या कोर्टात गेलेला काळ मुदत कायद्याच्या कलम १४ ने वजा होतो, पण दावा सद्भावनेने आणि नेटाने चालवल्याचं तुम्हालाच दाखवावं लागतं. सिल्वासाच हे आता कळल्यावर ठाण्यात लावलात तर ते अवघड जाईल.