घरच्या एसीचं नियंत्रण वीज कंपनीला द्यावं का?

उष्णांक

वीज कंपनीचं पत्र आलंय. कडक उन्हाळ्यात विजेची मागणी फार चढली की त्या दिवशी काही तास आमच्या एसीचं नियंत्रण कंपनीकडे जाईल. एक तर तापमान दुरूनच एक-दोन अंश वर सरकवलं जाईल, नाहीतर कॉम्प्रेसर अधूनमधून थांबवला जाईल. बदल्यात बिलात सवलत. घरात यावर एकमत होत नाहीये, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो. संमती द्यावी, पण कंपनीने वाढवलेलं तापमान घरातल्या माणसाला त्याच क्षणी परत खाली आणता येत असेल तरच. ती मुभा नसेल तर सवलत कितीही असो, सही करू नये.

वीज ज्या क्षणी वापरली जाते त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते. साठवायला बॅटऱ्या आहेत, पण अजून पुरेशा नाहीत. मागणी शिखर गाठते ते वर्षातले मोजकेच तास, आणि तेवढ्यासाठी उभारलेली वीजकेंद्रं, जाड केबली, मोठी रोहित्रं एरवी नुसती उभी असतात. त्यांचा खर्च सगळ्यांच्या बिलात जातो, ज्यांच्या घरी एसी नाही त्यांच्याही. सौरऊर्जा वाढली तशी खरी अडचण संध्याकाळकडे सरकली आहे. सूर्य मावळतो, भिंती तापलेल्याच असतात, माणसं घरी येतात आणि सगळीकडे एकदम एसी सुरू होतात.

मागणी भागलीच नाही तर पुढे काय होतं ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे: भारनियमन. कॅलिफोर्नियात १४ आणि १५ ऑगस्ट २०२० ला ते करावं लागलं, जवळपास वीस वर्षांनी. फीडर, म्हणजे एका वस्तीला वीज पुरवणारी मुख्य तार, बंद झाला की एसीबरोबर लिफ्ट, पाण्याचा पंप, फ्रीज, आजारी माणसाचं ऑक्सिजन यंत्र, सगळंच जातं. त्यापेक्षा हजारो घरांतल्या खोल्या एक-दोन अंशांनी गरम झालेल्या परवडल्या.

मात्र ३० ऑगस्ट २०२२ ला अमेरिकेतल्या कोलोरॅडोत जे घडलं ते वाचल्यापासून मी अटीवर ठाम आहे. एक्सेल एनर्जी या वीज कंपनीच्या अशाच योजनेतल्या सुमारे २२,००० ग्राहकांना त्या दुपारी स्वतःच्या घरातला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवणारं भिंतीवरचं यंत्र, बदलता येईना. एरवी ती मुभा असायची. त्या दिवशी कंपनीने ऊर्जा आणीबाणी म्हणून ती काढून घेतली, सहा वर्षांत पहिल्यांदाच. नाव नोंदवताना १०० डॉलर आणि पुढे दरवर्षी २५ डॉलर मिळत होते, आणीबाणीची अटही आधीपासून होती. तरीही उकाड्यात बसलेल्या माणसाला आपल्याच भिंतीवरचं यंत्र जुमानत नाही, हे मला मान्य होण्यासारखं नाही.

तुमचं काय मत?

चौकट

उष्णांक, उत्तर तुम्हीच दिलंत आणि तरी संमती द्या म्हणताय! मुभा होती आणि काढून घेतली, म्हणजे ती ग्राहकाची कधी नव्हतीच. गरज नसेल त्या दिवशी द्यायची आणि जीव कासावीस होईल त्या दिवशी काढायची, अशा मुभेच्या भरवशावर सही कशी करायची?

मी वापरलेल्या प्रत्येक युनिटचे पैसे देतो. मागणीइतका पुरवठा करणं हे कंपनीचं काम, त्यासाठीच तिला परवाना असतो. देखभाल लांबवली, तारा जुन्या ठेवल्या, केंद्र वेळेवर उभं केलं नाही, आणि त्याची भरपाई माझ्या झोपायच्या खोलीतून? एकदा हा मार्ग अंगवळणी पडला की नव्या गुंतवणुकीची घाई कुणाला राहणार?

आणि संमती म्हणाल, तर जून २०२१ मध्ये टेक्सासात काय झालं ते बघा. घरातलं तापमान आपोआप वाढलेलं पाहून लोक चक्रावले. चौकशी केली तर कळलं की बक्षिसाच्या सोडतीत भाग घेताना त्यांनी या नियंत्रणाला होकार दिला होता. कागदोपत्री संमती होती. समजून दिलेली होती का, ते तुम्हीच ठरवा.

फीडरवाला

चौकट, वितरणाच्या कामात आयुष्य गेलंय म्हणून एका मुद्द्यावर थांबवतो. कंपनीला गुंतवणूक टाळायची असते, हे दरवेळी खरं नाही. जिथे वीजदर ठरवणारा नियामक आयोग कंपनीने गुंतवलेल्या भांडवलावर परतावा ठरवून देतो, तिथे कंपनीचा फायदा नवीन बांधण्यातच असतो. नवं केंद्र उभं राहिलं की त्याचा परतावा वर्षानुवर्षं तुमच्या-माझ्या बिलातून वसूल होतो. मागणी कमी करण्याच्या योजना तिथे बऱ्याचदा आयोगाने मागे लागून राबवून घेतलेल्या असतात.

दुसरं, नियंत्रण म्हणजे नक्की काय, हे आधी विचारा. सगळं एकाच मापाने मोजू नका.

जुनी पद्धत म्हणजे कॉम्प्रेसरला लावलेला स्विच. अर्ध्या तासातली पंधरा मिनिटं बंद, उरलेली पंधरा चालू. घरांचे गट पाडलेले असतात, एक गट थांबतो तेव्हा दुसरा चालतो. दुसरी पद्धत थर्मोस्टॅटची. यात चांगल्या योजना आधी तासभर घर नेहमीपेक्षा थोडं जास्त थंड करून ठेवतात, मग तापमान वर सरकू देतात. भिंती, फरशी, फर्निचर सगळं गार झालेलं असतं, त्यामुळे पहिला तासभर फरक कळतही नाही. तिसरी मला सगळ्यात पटते, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडची. तिथे एसीतच सोय असते. सिग्नल आला की एसी बंद पडत नाही, निम्म्या किंवा पाऊण क्षमतेवर चालत राहतो. इन्व्हर्टर एसीला हे फार मानवतं, कारण कमी वेगाने चालणं हा त्याचा स्वभावच आहे.

नियंत्रण संपल्यावर सगळे एसी एकदम पूर्ण ताकदीने सुटले तर नवं शिखर उभं राहतं. म्हणून परत सुरू करतानाही वेळा मागेपुढे ठेवाव्या लागतात. तुमच्या कंपनीला हे विचारा. उत्तर देता आलं नाही तर योजना घाईत आणली आहे असं समजा.

रात्रपाळी

फरक कळत नाही, हे कुणाच्या घरात?

आमचं घर वरच्या मजल्यावर आहे, डोक्यावर थेट स्लॅब. खोलीच्या मानाने एसी लहान, दुपारभर एकसारखा चालतो तेव्हा कुठे निभतं. त्याला अर्ध्या तासात पंधरा मिनिटं थांबवलंत तर खोली पुन्हा गार होत नाही. उलट ज्यांचा एसी गरजेपेक्षा मोठा आणि घर सावलीत, त्यांचा कॉम्प्रेसर तसाही निम्मा वेळ बंदच असतो. त्यांना झळ शून्य आणि सवलत आमच्याइतकीच. सवलतीची गरज नेमकी आमच्यासारख्यांना असते, म्हणजे सह्या आम्हीच करणार.

आणि एक-दोन अंश हा आकडा फसवा आहे. कॉम्प्रेसर थांबून आतला पंखा चालू राहिला की कॉइलवरचं पाणी परत हवेत मिसळतं. थर्मामीटर एक अंश दाखवतो, पण खोली दमट होते आणि घाम वाळेनासा होतो. माझी आई वयस्क आहे, सूज उतरवायच्या गोळ्या घेते. अशा गोळ्यांनी शरीरातलं पाणी कमी होतं, आणि या वयात तहानही नीट कळत नाही. मी रात्रपाळीला असते तेव्हा ती घरी एकटी असते. तापमान परत खाली आणायला तिला फोनवरचं ॲप कुठून उघडता येणार? तिला भिंतीवरचं बटण कळतं, तेवढंच.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात जून २०२१ च्या उष्णतेच्या लाटेत ६१९ माणसं गेली. त्यातली ९८ टक्के इमारतीच्या आत होती आणि बहुतेक वयस्क. उकाड्याने माणूस घरातही मरतो, फक्त बाहेर उन्हात नाही.

फीडरवाला

रात्रपाळी, तुमच्या आईचा एसी कुठल्याही योजनेत नसावा, यावर माझं दुमत नाही. फक्त ब्रिटिश कोलंबियाच्या उदाहरणाबद्दल: त्यातल्या बहुतेक घरांत पुरेशा थंडाव्याची सोयच नव्हती. तिथे एसी कुणी थांबवला नव्हता. वरच्या मजल्यावरच्या माणसाला सगळ्यात मोठा धोका पूर्ण फीडर जाण्याचा आहे, आणि तो टाळण्यासाठीच हे सगळं चाललंय.

लहान एसीचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर. सरसकट पंधरा मिनिटं ही पद्धत अन्यायाचीच आहे. आधीच्या तासात कॉम्प्रेसर किती चालला ते पाहून त्या प्रमाणात कपात करता येते, तशी यंत्रणा आहे. ती मागायला हवी.

चौकट

आजारी माणसांना वगळायचं म्हणजे कुणाला काय आजार आहे ते कंपनीला कळवायचं! दाखले जोडायचे, दरवर्षी नूतनीकरण करायचं. आईच्या गोळ्यांची यादी वीज कंपनीच्या फायलीत कशाला हवी?

कडीकुलूप

चौकट यांना +१, आणि यादीपेक्षाही मोठी गोष्ट राहिली आहे. थर्मोस्टॅट इंटरनेटवर आला की घरात माणूस कधी असतो, कधी झोपतो, घर किती दिवस बंद आहे, हे सगळं त्यातून वाचता येतं. बऱ्याच ठिकाणी हे काम कंपनी स्वतः करत नाही, मध्यस्थ कंपनीकडे देते. माहिती कुणाकडे, किती काळ, पुढे कुणाला विकता येईल का, हे करारात कुठे लिहिलंय ते शोधा.

दुसरा धोका ग्रिडचाच, म्हणजे विजेच्या सगळ्या जाळ्याचा. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की एसी, हीटर अशी जास्त वीज खाणारी इंटरनेटवरची यंत्रं मोठ्या संख्येने ताब्यात घेतली आणि एकदम चालू-बंद केली, तर ग्रिडचा तोल जाऊ शकतो. जे दार कंपनीसाठी उघडायचं तेच दार दुसऱ्या कुणाला सापडलं तर? ग्रिड वाचवायला लावलेली सोय ग्रिडवरच उलटेल.

क्वीन्सलँडसारखा एकेरी सिग्नल मला चालेल. तो विजेच्या तारेतूनच येतो, घरातलं काही परत पाठवत नाही. वायफायवरच्या थर्मोस्टॅटला माझा स्पष्ट नकार.

दरपत्रक

बटण कुणाच्या हातात हा वादच का? दर बदला. शिखराच्या तासांत वीज महाग, एरवी स्वस्त. ज्याला परवडेल तो चालवेल, ज्याला नको तो बंद करेल. आणि खरंच संकट आलं तर लोकांना सरळ सांगा. ६ सप्टेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियात मागणी ५२,००० मेगावॉटच्या वर गेली होती, विक्रमी. संध्याकाळी लोकांच्या फोनवर सरकारचा संदेश गेला की अनावश्यक वीजवापर थांबवा. पाऊण तासाच्या आत जवळपास २,००० मेगावॉट मागणी उतरली, भारनियमन टळलं. त्या संदेशाने कुणाच्याही थर्मोस्टॅटला हात लावला नाही.

उष्णांक

दरपत्रक, तो संदेश लोकांनी ऐकला याचं मलाही अप्रूप आहे. पण आठवडाभर लाट टिकली आणि रोज संदेश आला तर चौथ्या दिवशी किती जण ऐकतील? कंपनीला आधी हिशेब मांडता येईल अशी ती गोष्ट नाही. आणि महाग दराने कोण एसी बंद करेल ते उघड आहे: रात्रपाळींच्या आईसारखी माणसं, बिलाच्या धास्तीने, मुकाट्याने. मोठ्या घरातला एसी तसाच चालू राहील. मला तो उपाय कंपनीच्या स्विचपेक्षाही कठोर वाटतो.

इथलं वाचून माझी अट आणखी वाढली. कपात किती करता येईल याला तळ हवा. जर्मनीत १ जानेवारी २०२४ पासून नव्या मोठ्या एसी, हीट पंप आणि गाड्यांच्या चार्जरना असा नियम आहे. ग्रिडवर ताण आला की त्यांची वीज खाली आणता येते, पण ४.२ किलोवॉटच्या खाली नाही, आणि बदल्यात नेटवर्क शुल्कात कपात मिळते. पूर्ण बंद करण्याचा अधिकारच नाही.

शिवाय एसीच्या आधी पाण्याचे हीटर आणि गाड्यांचे चार्जर का घेत नाहीत, हेही विचारायला हवं. न्यूझीलंडमध्ये १९५० च्या दशकापासून तारेतूनच सिग्नल पाठवून पाण्याचे हीटर बंद-चालू करतात. टाकीतलं पाणी तास-दोन तास गरम राहतं, अंगाला झळ लागत नाही.

चौकट

जर्मनीचं अर्धंच सांगितलंत. तिथे नव्या यंत्रांना हे सक्तीचं आहे. आधी सवलत, मग नियम, मग सक्ती, याच क्रमाची मला भीती आहे.

फीडरवाला

उष्णांक, तुमच्या पहिल्या अटीवर माझा प्रश्न. शिखराच्या दिवशी सगळ्यांनीच तापमान परत खाली आणलं तर? नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाला ८० मेगावॉट मिळतील असं सांगितलंय आणि हातात आले २०, तर तो फीडरच बंद करणार. दुसरा मार्ग नसतो त्याच्याकडे.

उष्णांक

बरोबर आहे, म्हणून सवलत वर्षाची एकरकमी नसावी. ज्या दिवशी नियंत्रण झालं त्या दिवसाची द्यावी, शेवटपर्यंत थांबलेल्याला पूर्ण, मध्येच बाहेर पडलेल्याला त्या दिवसाची नाही. असं केलं की किती टक्के टिकतात याचा अंदाज दोन-चार वेळांत येईल आणि कंपनी तेवढ्याच मेगावॉटवर विसंबेल. जबरदस्तीने मिळालेले ८० एकदाच मिळतात. कोलोरॅडोसारखा प्रसंग झाला की पुढच्या उन्हाळ्यात लोक नावं काढून घेतात.

रात्रपाळी

घराऐवजी एकेका एसीची संमती घेता येते का? तसं असेल, भिंतीवरचं बटण चालू राहणार असेल आणि आजाराबद्दल काहीच विचारणार नसतील, तर आईच्या खोलीचा एसी वगळून बाहेरच्या खोलीचा मी देईन. संध्याकाळी तिथे कुणी बसत नाही.

फीडरवाला

प्रत्येक एसीला वेगळा नियंत्रक असेल तर येते. अर्जात तसा रकाना नसेल तर लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या, फोनवरचं नको.

चौकट

माझं नाव यात नको. संदेश आला तर मी स्वतः उठून एसी बंद करीन, सवलतही मागणार नाही.