प्रति: ‘माहिती संकलित नाही’

कुणीतरी लिहिलंय, की सरकारी कार्यालयानं ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं सांगून माहिती अधिकाराचा (RTI) अर्ज निकालात काढला. इंदुरातही हेच रडगाणं! अहो, प्रश्न विचारूच नका, फाईल बघायला मागा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2 मध्ये अभिलेख, म्हणजे कार्यालयातली कागदपत्रं, प्रत्यक्ष पाहण्याचाही हक्क आहे. आमच्या गल्लीतल्या रस्त्याची फाईल मी अशीच पाहिली: नोटशीटवरचे (फाईलमधल्या टिपणांच्या कागदावरचे) अधिकाऱ्यांचे शेरे, मेजरमेंट बुकची (झालेल्या कामाची मापं नोंदवायच्या वहीची) पानं, सगळं समोर. बाबू चहा विचारतात. खुशाल घ्या, पण पानांचे क्रमांक टिपा आणि नेमक्या तेवढ्याच नकला मागा. कलम 4 खाली 17 बाबी त्यांनी आपणहून जाहीर करायच्या असतात. आमच्याकडे त्या जाहीर माहितीत अजून बदलून गेलेल्या साहेबांचंच नाव झळकतंय! आणि हो, अर्जानंतर माहिती न देता 30 दिवस उलटले की नकला फुकट द्याव्या लागतात. पैसे मागितले तर कलम 7(6) दाखवा.