चमक गेली की लगेच मशीन? दगडी फरशीवर अन्याय करू नका

टिळकवाडी_फरशी

परवा इथं एकानं लिहिलं, "दुकान असो, लॉज असो, मंगल कार्यालय असो, चमक उतरली की फरशीची वेळ झाली. दर दोन वर्षांनी मशीन लावा, मार्बल-ग्रॅनाइट-कोटा सगळं नव्यासारखं राहतं." खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मशीन लावणं म्हणजे घासाई, आणि घासाई म्हणजे दगड काढणं. लाद्यांचा उंचसखलपणा मोडायची पूर्ण घासाई एक-दोन मिमी दगड घेऊन जाते. १८ मिमीच्या लादीला हे किती वेळा परवडणार? आणि चमक जायची कारणं पाच-सहा आहेत. त्यातल्या निम्म्या कारणांत मशीनचा संबंधच नाही.

मशीनवाल्याला बोलवायच्या आधी दोन जागा निवडा. एक काउंटरखालची, जिथं पाय पडत नाही. दुसरी दारापासून गल्ल्यापर्यंतच्या वाटेवरची. दोन्हीकडे फूटभर चौकोन कोमट पाण्यानं आणि पीएच ७ च्या (ना आम्ल, ना सोडा अशा) साबणानं धुवा, दोनदा साध्या पाण्यानं पुसा, वाळू द्या. वाटेवरचा चौकोन उजळला तर तो साबणाचा थर होता. बादलीत अंदाजानं साबण ओतला की तो रोज साचत जातो. उजळला नाही तर कोपऱ्यात नाण्याच्या कडेनं हलकं खरवडा. पांढरा भुगा निघाला तर वर मेण किंवा ॲक्रिलिक आहे. ते स्ट्रिपरनं (असा थर सोडवणाऱ्या द्रवानं) उतरवायचं असतं. त्यावर डायमंड पॅड (मशीनखालची घासायची चकती) फिरवला तर पॅडच चोंदतो.

मग रात्री दिवे घालवून टॉर्च जमिनीलगत आडवी धरा. वाटेच्या दिशेनं बारीक ओरखडे दिसले तर ती पायांबरोबर आलेली रेती. कठीणपणाच्या मोस मापात संगमरवर ३, रेतीतलं क्वार्ट्झ ७, हे जोडपं कधीच सुखानं नांदत नाही. नुसते निस्तेज ठिपके असतील आणि नखाला काही लागत नसेल, तर ते लिंबू, कोकम, चिंच किंवा संडास धुवायच्या ॲसिडचे. तो डाग नाही, तिथला दगडच खाल्ला गेलाय. पाच-दहा ठिपक्यांसाठी सगळा हॉल घासायची गरज नाही.

जाणता कारागीर बोलवायची लक्षणं वेगळी आहेत. ओरखड्यात नख अडकतं. दोन लाद्यांच्या सांध्यावर एटीएम कार्ड टेकवलं तर शेजारची लादी कार्डाच्या वर राहते (कार्ड ०.७६ मिमी जाड असतं, घरातलं सगळ्यात सोपं माप). लाकडी दांड्यानं ठोकल्यावर लादी पोकळ बोलते. सांध्यातून पांढरा खार फुटतो, पापुद्रे सुटतात. यातलं काही नसेल तर आधी पायपुसणं बदला.

चिकोडी_पॉलिश

वाचायला बरं वाटतं, पण हा सल्ला मालकाला खड्ड्यात घालणारा आहे. नख अडकेपर्यंत थांबलात तर कारागिराला ५० किंवा १०० नंबरच्या पॅडपासून सुरुवात करावी लागते (नंबर लहान तितका पॅड खरखरीत). तिथून २००, ४००, ८००, १५००, ३००० असं चढायचं. खरा दगड जातो तो या पहिल्या दोन पॅडांत. ओरखडे नखाला लागायच्या आधीच धरले तर ८०० पासून वर गेलं तरी भागतं, आणि त्यात जाणारा दगड नगण्य. म्हणजे लवकर केलेलं कामच दगड वाचवतं. तुम्ही एक-दोन मिमीचा धाक घातला तो उंचसखल काढायच्या घासाईचा, आणि लावला देखभालीच्या पॉलिशला. दोन्ही एका पिशवीत कसे घातलेत?

टिळकवाडी_फरशी

मूळ पोस्टमध्ये "मशीन लावा" एवढंच होतं, नंबर नव्हता. आणि मालक "पॉलिश करा" म्हणाला की बहुतेक ठिकाणी ५० पासूनच सुरू करतात, कारण दर चौरस फुटाचा असतो आणि खरखरीत पॅडानं फरक चटकन दिसतो. तुम्ही ८०० पासून करत असाल तर माझा तुमच्याशी वाद नाही. पण तसं इथं लिहिलेलं नव्हतं.

निपाणी_गवंडी

दोघंही पॅडांवर भांडालेत, फरशी मरते ती बादलीत. ऑक्झॅलिक पावडर टाकून घासायची, वर "पॉलिश झालं" म्हणायचं. ऑक्झॅलिक आम्लच की ते. कॅल्साइटवर, म्हणजे संगमरवराच्या मूळ खनिजावर, त्याचा पातळ थर बसतो, पहिले काही दिवस चमकतो, मग वाटेवर ढगाळ पट्टे. आणि दवाखान्यांत संडासाचं ॲसिड कॉरिडॉरपर्यंत येतं, मॉप एकच असतो म्हणून. दोन मॉप, दोन रंगांचे ठेवा, निम्मी घासाई वाचेल.

दुसरं, ग्रॅनाइट. इलकलच्या गुलाबी ग्रॅनाइटवर संगमरवराचा क्रिस्टलायझर (चमक आणायचं रसायन) मारणारे पाहिलेत का? त्यातलं फ्लुओसिलिकेट संगमरवराच्या चुन्याशी जुळून चमक देतं. ग्रॅनाइटमध्ये चुना कुठाय? स्टील वूल घासत बसायचं, वर लोखंडाचा चुरा पाण्यात गंजून तांबडे ठिपके. ग्रॅनाइटला टिन ऑक्साइड किंवा ॲल्युमिनाची पॉलिश पावडर लागते, मशीनला वजन लागतं, वेळ लागतो. आणि गंज काढायच्या बाटलीत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असेल तर ते ग्रॅनाइटही खातं. बाटलीमागचं बारीक अक्षर वाचा.

संकेश्वर_कार्यालय

ॲसिडचं कळलं. पण कार्यालयांचा खरा शत्रू हळद आहे, त्यावर कुणी बोलेना. हळदीच्या कार्यक्रमानंतर मार्बलवर पिवळे गोळे, धुण्याच्या सोड्यानं धुतलं की लालभडक. मशीनवाले म्हणतात घासूनच जाईल. खरं का?

निपाणी_गवंडी

सोडा लावलाच कशाला? हळदीला सोडा लागला की कुंकू होतं, ते लहान पोराला ठाऊक. सोड्यानं तो डाग दगडात पक्का केला. आता घासल्याशिवाय गत नाही.

खानापूर_रसायन

पक्का केला, हे चूक आहे. हळदीतला रंग, कर्क्युमिन, आम्लारीत (सोड्यासारख्या पदार्थात) लाल दिसतं, स्वच्छ पाण्यानं सोडा निघाला की परत पिवळं. लाल म्हणजे बिघडलं असं नाही. उलट आम्लारीत ते पाण्यात विरघळतं आणि लवकर तुटतं. साध्या पाण्यात ते जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून नुसतं पुसून हलत नाही. आणि उन्हानं ते उडतं. खिडकीजवळचा डाग आपोआप फिका होतो, आतल्या खोलीतला राहतो, त्याचं कारण हेच.

निपाणी_गवंडी

विरघळतं म्हणता, मग विरघळून जातं कुठं? वर पाणी ओतलं, मॉप मारला, ते पाणी सच्छिद्र दगडात खालीच उतरणार की. वरचा पिवळा ठिपका आत मिमीभर गेला. पुस्तकातला सोडा काचेच्या भांड्यात असतो, इथं खाली संगमरवर आहे.

खानापूर_रसायन

पुस्तकाचा टोमणा नको. पण ओतून मॉप मारणं चूक, हे मान्य. सोडा ओतायचा नाही, लेपात द्यायचा. लेपाचा अर्थच हा की विरघळलेलं वर ओढलं जावं.

आणि आणखी एक गोष्ट तुम्ही दोघंही विसरलात. कार्यालयातली हळद तेलात कालवलेली असते. म्हणजे डाग दोन आहेत, तेलाचा आणि रंगाचा. तेल आधी काढलं नाही तर रंगापर्यंत काही पोचत नाही. टाल्कम पावडरीत ॲसिटोन घालून श्रीखंडाएवढा घट्ट लेप करा, डागाच्या कडेबाहेर बोटभर जाऊ द्या, पाऊण सेंमी जाड थापा. वर प्लॅस्टिक, चारी बाजूंनी टेप, २४ तास. मग प्लॅस्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या. लोक इथंच घाई करतात, ओला लेप खरवडतात. ओढण्याचं काम वाळतानाच होतं. तेल गेलं की दुसरा लेप, ॲसिटोनऐवजी औषधाच्या दुकानातलं ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, त्यात चिमूटभर सोडा. दोन-तीनदा करावा लागतो. ॲसिटोन पेट घेतं, त्यामुळं जवळ समई, गॅस काही नको, खिडक्या उघड्या हव्यात. दोन्ही द्रव एकत्र कधीच करायचे नाहीत, पहिला लेप वाळून, खरवडून, पुसून झाल्यावरच दुसरा. आणि कडप्प्यावर पेरॉक्साइड नको, काळा दगड फिका पडू शकतो.

संकेश्वर_कार्यालय

ब्लीचिंग पावडर चालेल का? ती घरातच असते.

खानापूर_रसायन

नाही. स्वच्छतागृहातलं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकाच मॉपवर भेटले की क्लोरीन वायू सुटतो. कार्यालयात दोन्ही असतात, मॉप एक असतो. गवंडीसाहेब वर मॉपबद्दल जे म्हणाले ते इथं जिवाशी आहे.

निपाणी_गवंडी

तेलाचं माझ्याही ध्यानात नव्हतं. लेपातला सोडा चालेल, बादलीतला नाही, एवढंच मान्य. हळदीच्या दिवशी खाली ताडपत्री घाला, हा वादच राहत नाही.

चिकोडी_पॉलिश

हळदीत चर्चेचा धागा वाहून गेला. मुद्द्यावर येऊ. टिळकवाडीकरांनी खार फुटला की कारागीर बोलवा असं लिहिलं. कारागीर येऊन काय करणार? खार घासला तर महिन्यात परत येतो. खाली ओल आहे, तिच्याबरोबर क्षार वर येतात. आधी ओल कुठून येते ते बघायला पाहिजे.

टिळकवाडी_फरशी

यात मीच अपुरं लिहिलं. दीड-दोन फूट चौरस पारदर्शक प्लॅस्टिक फरशीवर चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवायचं, २४ तास ठेवायचं. खाली थेंब किंवा दगड काळवंडलेला दिसला तर ओल खालून येते. तेव्हा पाइप, गच्चीचं पाणी, भिंतीलगतची गटार, हे आधी. त्याच अवस्थेत वरून सीलर (पाणी-डाग दगडात मुरू नये म्हणून लावायचा द्रव) मारला तर पाणी आत कोंडतं आणि लादीचे पापुद्रे उडतात.

सीलर संपलाय का ते कळायला वाटेवर पाण्याचे चार-पाच थेंब ठेवा. पाच-दहा मिनिटांत खाली दगड गडद झाला तर संपलाय. तसाच राहिला तर उगाच नवीन थर चढवू नका, चिकट होतो, मळ धरतो.

चिकोडी_पॉलिश

आणि सीलर कधी मारायचा? बेळगाव-खानापूर पट्ट्यात पावसाळ्यात फरशी महिनोन् महिने कोरडी नसते. पण कार्यालयं रिकामी होतात ती आषाढातच. लग्नं बंद, म्हणून मालक तेव्हाच काम काढतात. सगळ्यांना पॉलिश, सीलर, सगळं जुलैत एकदम हवं असतं.

टिळकवाडी_फरशी

घासाई पाण्यानंच होते, ती आषाढ-श्रावणात करा, हरकत नाही. सीलर मात्र दसऱ्यानंतर, प्लॅस्टिकखाली एकही थेंब नाही हे बघून. तुळशीच्या लग्नाआधी जी सवड मिळते ती त्यासाठीच ठेवा. मधे दोन महिने फरशी उघडी राहते, म्हणून हॉल बंद ठेवायचा किंवा वाटेवर सतरंजी. ताडपत्री नको, ओल अडकते.

वडगाव_शहाबादी

सगळे संगमरवराबद्दल बोलालेत. इथल्या जुन्या दुकानांत शहाबादी आहे, कलबुर्गीकडून आलेली, नैसर्गिक फाटीची, म्हणजे थरावर फोडलेली, न घासलेली. तिच्यावर हल्ली डायमंड पॅड लावून आरसा करायला निघालेत. फाटीची खरबरी हीच तिची पकड. घासून सपाट केली की पावसात आत येणारा माणूस तांबड्या चिखलाच्या चपलेनं थेट घसरणार. अमेरिकी मानकात सपाट ओल्या फरशीचा घर्षणांक (पकडीचं माप) निदान ०.४२ मागतात, ते काही उगाच नाही. दवाखान्यात तर आरसा कुणी मागूच नये. ४०० वर थांबवलेली घासाई पुरे.

शहाबादीला कारागीर लागतो तो सांध्यांसाठी. सांध्यातला सिमेंट उडाला की खाली पाणी, मग लादी डुगडुगते, मग कोपरा तुटतो. तेवढे सांधे २० मिमी खोल खरवडून परत भरले तर फरशी अजून खूप वर्षं जाते. आणि तेल! कडप्पा-शहाबादी काळी दिसावी म्हणून डिझेल, खोबरेल पुसतात. त्यावर धूळ बसून जे काळं होतं तो मळ आहे.

चिकोडी_पॉलिश

शहाबादीबद्दल पूर्ण मान्य, तिथं माझं यंत्र लागूच नये. संगमरवराबद्दल माझा मुद्दा कायम. पण मूळ पोस्टमधलं "दर दोन वर्षांनी" काढून टाका. बसस्टँडसमोरच्या लॉजला वर्षही जास्त, आणि वरच्या मजल्यावरच्या वकिलाच्या ऑफिसला आठ वर्षंही कमी नाहीत. पाय किती पडतात त्यावर ठरवा.

टिळकवाडी_फरशी

हेच पहिल्यांदा लिहिलं असतंत तर इतकं टाइप करावं लागलं नसतं. मालकांसाठी एक राहिलं. काम देण्याआधी सगळ्यात खराब वाटेवर तीन फूट बाय तीन फूट नमुना करून घ्या, कुठल्या नंबरपासून सुरू केलं ते लिहून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी, फरशी कोरडी असताना, संध्याकाळी तिरप्या उजेडात बघा. १०० वरून थेट ८०० वर उडी मारली असेल तर गोल-गोल ओरखडे तेव्हाच दिसतात. ओल्या फरशीवर सगळंच चमकतं. भिंतीलगतचे दोन-तीन इंच मोठं मशीन घेत नाही, तिथं हातमशीन फिरवणार का तेही आधी विचारा, नाहीतर चारी बाजूंनी काळी चौकट राहते.

संकेश्वर_कार्यालय

नमुन्याच्या जागी हळदीचा डाग असला तर आधी लेप की आधी घासाई?

खानापूर_रसायन

लेप आधी. घासून दगडाची भोकं उघडली की डाग आणखी खाली जातो.