गावच्या संघात सगळ्यात हुशार पोरगा फुल-बॅकला खेळवा

काळी माती (वर्धा जिल्हा)

तूर घरात आली की आमच्याकडे गावोगावचे फुटबॉलचे सामने सुरू होतात. संघ निवडायची पद्धत सगळीकडे एकच. जोरात पळतो तो विंगवर (पुढे कडेला), उंच आहे तो स्टॉपर (मागे मधोमध), ज्याच्या पायात ताकद आहे तो सेंटर फॉरवर्ड. आणि शेवटी जे दोघं उरतात ते फुल-बॅक, म्हणजे मागे दोन्ही कडांना बचाव करणारे. माझा आक्षेप या उरलेल्या दोघांवर आहे. खेळ समजणारा पोरगा तिथे हवा.

फुल-बॅकच्या पाठीशी साइड लाइन असते आणि अख्खं मैदान त्याच्यासमोर असतं. मधल्या फळीतल्या हाफला चारही बाजूंनी माणसं भिडतात, फुल-बॅकला मात्र बॉल घेऊन मान वर करायला वेळ मिळतो. लिव्हरपूलने हाच वेळ वापरला. २०१८-१९ च्या प्रीमियर लीगमध्ये ट्रेंट अलेक्झांडर-आर्नोल्डच्या नावावर १२ आणि अँडी रॉबर्टसनच्या नावावर ११ असिस्ट (गोलाआधीचा शेवटचा पास) होते. पुढच्या हंगामात १३ आणि १२, आणि ३० वर्षांनी लीगचं विजेतेपद. दोघेही फुल-बॅक. संघाची गोल घडवायची जागाच मागे सरकली होती.

आपल्याकडे मात्र फुल-बॅकला एकच सूचना असते: 'बॉल आला की उडव.'

डावा पाय (चंद्रपूर)

भाऊ, असिस्टचे आकडे खरे आहेत, पण रॉबर्टसनला ती मोकळी जागा कोणी करून दिली? लिव्हरपूलचे विंगर माने आणि सालाह आत घुसायचे आणि समोरच्या बचावाला सोबत ओढून न्यायचे, म्हणून बाजू रिकामी व्हायची. त्याच २०१८-१९ मध्ये दोघांनीही २२-२२ गोल केले आणि आर्सेनलच्या ऑबामेयांगसोबत गोल्डन बूट (सर्वाधिक गोलचं बक्षीस) वाटून घेतला.

१९७० च्या वर्ल्ड कप फायनलमधला ब्राझीलचा चौथा गोल घ्या. इटलीविरुद्ध, ४-१. सगळ्यांना कार्लोस आल्बेर्तोची किक आठवते, तो राइट बॅक होता. पण ज्या बाजूने तो धावत आला ती बाजू मोकळी का होती? विंगर जाईरझिन्यो डावीकडे आत आला होता आणि इटलीचा लेफ्ट बॅक फाकेत्ती त्याच्यामागे ओढला गेला होता. पेलेने न बघता बॉल उजवीकडे सोडला, तो या रिकाम्या जागेत.

गावात माणूस काढून पुढे जाणारे पोरं दोन, फार तर तीन. त्यांना मागे नेऊन ठेवलं तर पुढे माणूस कोण काढणार? १९६२ मध्ये पेले दुसऱ्याच सामन्यात जखमी झाला. मग इंग्लंडविरुद्ध दोन आणि चिलीविरुद्ध दोन गोल करून ब्राझीलला फायनलमध्ये नेलं ते गारिंचाने, राइट विंगरने.

बांधावरचा (यवतमाळ जिल्हा)

तुमी दोघंही टीव्हीवरचं मैदान पाहून बोलून रायले. नियमात मैदानाची रुंदी ४५ ते ९० मीटर चालते, आंतरराष्ट्रीय सामन्याले ६४ ते ७५. आमच्या जिल्हा परिषद शाळेचं मैदान कसंबसं खालच्या आकड्यापर्यंत जाते, अन् एका बाजूनं भिंत हाय. तेवढ्यात विंगर लाइनवर, फुल-बॅक त्याच्या मागून ओव्हरलॅप करून (बाहेरून पुढं पळून) रायला, तं दोघं एकमेकाच्या पायात येतात. एकाच माणसानं दोघाले मार्क करता येते.

माह्या मते प्रश्न येगळाच हाय. बॉल गेल्यावर वापस कोन येते? आमच्या पोट्ट्यायचा विंगर पुढेच कमरेवर हात ठेवून उभा रायते. मंग फुल-बॅकवर दोघं चढतात, अन् लोक शिव्या देतात फुल-बॅकले.

२०१० ची चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल पाहा. बार्सिलोनाच्या मैदानावर इटलीच्या इंटर संघाच्या मोट्टाले अर्धा तास व्हायच्या आतच लाल कार्ड भेटलं. एटोसारखा गोल मारनारा माणूस उरलेला सामना बाजूले फुल-बॅकसारखा राबला. इंटर तो सामना १-० हरली, पन दोन सामन्याचं मिळून ३-२ नं फायनलमधी गेली अन् कप घेऊन आली. एटोले जमते तं आमच्या पोट्ट्याले कायले जमत नाई?

काळी माती

डावा पाय, बचाव करणारा विंगरच्या मागे आत जातो, म्हणजे आपली बाजू उघडी ठेवतो. ती बाजू उघडी पडल्यावर तिथे धावत येणारं कोणी नसेल, तर त्याचं काय बिघडलं? जाईरझिन्योने फाकेत्तीला कितीही ओढलं असतं, मागून कार्लोस आल्बेर्तो आला नसता तर तो गोल झाला नसता. आपल्या सामन्यांत हे दर रविवारी दिसतं. एक चपळ पोरगा पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांना नाचवतो, मग त्याच्यावर तीन जण उभे राहतात आणि तो दिसेनासा होतो. त्याच्या मागून कोणी येतच नाही, म्हणून तिघांना त्याच्यावर उभं राहणं परवडतं.

आणि गोल खातो कुठून तेही बघा. समोरच्या बाजूने लांब तिरपा बॉल येतो. आपला फुल-बॅक नुसता बॉलकडे बघत उभा असतो आणि त्याच्या पाठीमागून त्यांचा विंगर निघतो. अंग अर्धं वळवून उभं राहायचं, एक नजर बॉलवर आणि एक माणसावर, स्टॉपरपासून फार लांब जायचं नाही. हे शिकवावं लागतं, आणि शिकणारा डोक्याने तयार लागतो.

शिट्टी (क्रीडाशिक्षिका, गडचिरोली जिल्हा)

मी मुलींचा संघ घेते, आणि मैदान आमचंही अरुंदच आहे. बांधावरचा भाऊंनी मांडलेली अडचण खरी आहे, पण फुल-बॅकने बाहेरूनच पळायला हवं असं कुठे आहे? जर्मनीच्या बायर्न संघाचा कोच असताना ग्वार्डिओलाने फिलिप लाम या फुल-बॅकला मधल्या फळीत आणलं. २०२३ मध्ये मँचेस्टर सिटीने तीन कप जिंकले तेव्हा मागे बहुतेक स्टॉपरच होते. बॉल आपल्याकडे आला की त्यातला स्टोन्स मध्ये सरकायचा, आणि बाजू सांभाळायचे ग्रीलिश आणि बर्नार्डो सिल्वा.

मी तेच करते. विंगरने लाइन सोडायची नाही, फुल-बॅकने आत हाफच्या शेजारी यायचं. दोघी एकमेकींच्या पायात येत नाहीत. बॉल गेला तर मध्येच एक मुलगी जास्त असते, त्यामुळे समोरच्यांना सरळ गोलकडे धावता येत नाही. यासाठी वेगवान मुलगी लागत नाही, आजूबाजूला बघणारी लागते. म्हणून मूळ मुद्द्यावर मी काळी माती यांच्या बाजूने आहे. फक्त दोघींना सोबत शिकवावं लागतं. सरावात दोघींविरुद्ध एक असा खेळ रोज घेतला तरच सामन्यात जमतं.

डावा पाय

मॅडम, सिटीचं मैदान गालिच्यासारखं असतं. आपल्याकडे ढेकळावरून बॉल उडतो. फुल-बॅक आत आला आणि तिथे बॉल निसटला, तर त्याने सोडलेली बाजू सताड उघडी. एक लांब किक आणि त्यांचा विंगर एकटा गोलीसमोर. माझं मत कायम आहे: आधी विंगर घडवा.

युरो २०२४ ची फायनलच बघा. स्पेनचा पहिला गोल यमालचा पास आणि निको विल्यम्सची किक, म्हणजे एका विंगरकडून दुसऱ्या विंगरकडे. यमालला १७ वर्षं पूर्ण होऊन एकच दिवस झाला होता. असा पोरगा मागे ठेवाल का?

शिट्टी

नाही ठेवणार. पण तो सामना १-१ झाला होता हेही सांगा. ८६ व्या मिनिटाला ओयार्झाबालने जिंकून देणारा गोल केला, तो कुकुरेयाच्या क्रॉसवर, आणि कुकुरेया लेफ्ट बॅक आहे. ढेकळांचा मुद्दा मान्य. ज्या मैदानावर बॉल फार उडतो तिथे मी एकाच बाजूच्या फुल-बॅकला आत आणते, दुसरी स्टॉपरजवळ थांबते.

बांधावरचा

मॅडम, हे जमन्यासारखं हाय. पन लेफ्ट बॅकले डाव्या पायाचाच पोट्टा लागते काय? आमच्या पूर्ण गावात डावखुरा एकच, अन् त्याले सारे विंगवर मागतात.

शिट्टी

लागत नाही. लाम उजव्या पायाचा, आणि २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये खेळला लेफ्ट बॅक. कोस्टा रिकाविरुद्ध पहिल्याच सामन्यात डावीकडून आत येऊन त्याने उजव्या पायाने गोल मारला. आत येणाऱ्या लेफ्ट बॅकला उजवा पाय सोयीचाच पडतो. तुमचा डावखुरा विंगवरच राहू द्या, फक्त त्याला लाइन सोडू देऊ नका. आणि बॉल गेला की तो किमान अर्ध्या मैदानापर्यंत मागे येतो की नाही, ते पुढच्या सामन्यात बघून इथे लिहा.