खाली खडक असला की भूकंपात घर कमी हलतं का? (सेंदाई, जपान)

ओसरी: सेंदाईत घर बघतोय. एजंट म्हणतो टेकडीवरचंच घ्या, खाली खडक आहे, टेन्शन नाही. पण २०११ च्या ९ रिश्टरवाल्यात इथून फार लांब नाही त्या त्सुकिदाते भागात २.७ जी नोंदले गेले म्हणे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पावणेतीनपट! मग खडक असला काय नि नसला काय?

मुरूम_माती: त्या आकड्याला घाबरू नका हो, तिथं खाली सलग खडक नव्हता, वर मऊ मातीचा पातळ थर होता, आणि हादरे इतके जलद होते की आकडा गेला आभाळाला पण आजूबाजूची घरं फारशी पडली नाहीत, घरं पाडायला साधारण एक-दोन सेकंदांचा झोका लागतो. खडकाचा फरक बघायचा तर मेक्सिकोचा १९८५ चा भूकंप बघा. किनाऱ्यावर अगदी फॉल्टच्या (जमिनीतली जी भेग सरकून भूकंप होतो तिच्या) डोक्यावर खडकात ०.१५ जीच्या आसपास. साडेतीनशे किमी लांब मेक्सिको सिटीत विद्यापीठाच्या लाव्हा खडकावर जेमतेम ०.०३, आणि त्याच शहरात जुन्या तळ्याच्या चिखलावर ०.१७!! चिखलाचा झोका २ सेकंदांचा, मध्यम उंचीच्या बऱ्याच इमारतींचा पण त्याच्याच जवळपास, झोके जुळले की हलणं वाढत जातं, म्हणून त्यातल्या कित्येक कोसळल्या.

बेसाल्ट७६: +१, पण खडक म्हणून निर्धास्त राहू नका. भूकंप ८ चा ९ झाला म्हणून खडकावरचा सगळ्यात मोठा झटका काही दहापट होत नाही, कारण तुमच्यापर्यंत जोरात पोचतो तो फॉल्टचा जवळचा तुकडाच. वाढतो तो वेळ. २०११ ला चार-पाचशे किमी फॉल्ट फाटत गेला, त्याला दोन-तीन मिनिटं लागली, तेवढा वेळ घर हलत राहतं आणि जोड ढिले होतात. आणि खडक म्हणजे कुठला? आपल्याकडच्या मुरमासारखा वरून कुजलेला असेल तर जलद हादरे तोच वाढवतो.

ओसरी: म्हणजे एजंटचं बरोबर?

मुरूम_माती: अर्धंच. सेंदाईच्या टेकड्यांवरच्या कॉलन्या डोंगर कापून आणि ती माती शेजारच्या घळीत भरून सपाट केल्यात. कापलेल्या बाजूला खडक असेल, भरावावर, म्हणजे तिकडे मोरिदो म्हणतात त्यावर, नाही, पत्ता जरी टेकडीचाच असला तरी. सेंदाईतल्याच मिदोरिगाओका कॉलनीत असला भराव १९७८ च्या भूकंपात सरकला आणि २०११ ला परत सरकला! मोठ्या भरावांचे नकाशे तिथे प्रशासनच काढतं, त्यात प्लॉट शोधा आणि मगच टोकनचे पैसे द्या.